रोमन देवळांचे खांब: पँथिऑनचे गुळगुळीत, नीमचे पन्हळीचे, सॅटर्नचे भलतेच. नियम काय आहे?

रेखाटन

नमस्कार मंडळी. मी एका काल्पनिक रोमन देवळाचं थ्रीडी मॉडेल करतोय, साधारण इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक धरून. जोतं, पायऱ्या, छप्पर हे जमलं, पण खांबांपाशी येऊन पार अडकलोय. शाळेत शिकलो होतो की डोरिक (साधा माथा), आयोनिक (वेटोळ्यांचा), कोरिंथियन (पानांचा) असे तीन प्रकार, माथा बघायचा आणि नाव सांगायचं, संपला विषय. पण फोटो बघायला लागलो तर काहीच त्यात बसेना.

रोममधल्या पँथिऑनच्या पुढचे खांब एकदम गुळगुळीत, आणि फ्रान्समधल्या नीम शहरातल्या मेझों कारे या रोमन देवळाचे खांब वरपासून खालपर्यंत उभ्या पन्हळींचे, दोन्ही म्हणे कोरिंथियन. रोमच्या फोरममधल्या (जुन्या मुख्य चौकातल्या) सॅटर्नच्या देवळाचे माथे आयोनिक म्हणतात पण वेटोळी चारही कोपऱ्यांत तिरकी बाहेर आलेली आहेत, पुस्तकातल्या आयोनिकसारखी फक्त पुढे-मागे नाहीत. आणि मेझों कारेला बाजूने बघितलं तर बरेचसे खांब भिंतीत अर्धे गाडलेले दिसतात, हे का? नुसतं सजावटीला?

शिवाय मापं. कॅपिटल म्हणजे खांबाचा माथा किती उंच ठेवू, खांब वर किती निमुळता करू, हे डोळ्याने करून बघितलं पण दर वेळी मॉडेल खेळण्यातल्यासारखं दिसतं. कोणाला माहिती असेल तर नीट सांगा, लांबलं तरी चालेल.

पाषाणप्रेमी

लांबलं तरी चालेल म्हणालात म्हणून लिहितोच, हा माझा फार जवळचा विषय आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो, रोमन खांब बघताना माथ्याच्या आधी दगड बघा. कुठला दगड, कुठून आणलाय, एका तुकड्यात आहे की गोल चकत्या एकावर एक ठेवून उभा केलाय, हे कळलं की तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

पँथिऑनचे खांब गुळगुळीत का, तर ते ग्रॅनाइट आहे. पुढची रांग करड्या ग्रॅनाइटची, ते इजिप्तच्या पूर्वेकडच्या वाळवंटातल्या मॉन्स क्लॉडिआनस नावाच्या खाणीतलं, आणि आतले गुलाबी झाक असलेले आस्वानचे. ग्रॅनाइट इतकं कठीण की त्यात चोवीस पन्हळी कोरत बसणं म्हणजे पाथरवटांचा जीव काढणं, आणि मुळात गरजही नाही कारण त्या दगडाचा रंग आणि चकाकी हीच त्याची शोभा. घासून घासून आरशासारखा केला की झालं. कॅपिटल आणि बेस मात्र पांढऱ्या संगमरवराचे, कारण अ‍ॅकॅन्थस या झुडपाची पानं कोरायला संगमरवरासारखा दगड नाही. म्हणजे एकाच खांबात दोन दगड, मधला शाफ्ट म्हणजे दांडा रंगीत आणि गुळगुळीत, वर-खाली पांढरं कोरीव काम. ही जोडी ग्रीकांकडे अशी दिसत नाही, ही खास रोमन साम्राज्याची चव आहे, आणि त्यामागे साम्राज्याची ताकद दाखवण्याचा हेतू सरळ आहे. इजिप्तच्या वाळवंटातला दगड रोममध्ये उभा आहे, बघा आमचा हात कुठवर पोचतो.

आणि तो आणला कसा हे वाचलंत तर थक्क व्हाल. पँथिऑनचा एकेक शाफ्ट ४० रोमन फूट, म्हणजे जवळजवळ १२ मीटर (रोमन फूट साधारण २९.६ सेंटिमीटरचा), वजन ६० टनांच्या आसपास, आणि सगळा अखंड. खाणीपासून नाईलपर्यंत शंभराहून जास्त किलोमीटर वाळवंट ओढत न्यायचा, मग नदीने अलेक्झांड्रिया, मग समुद्राने इटली, मग टायबरमधून रोम. त्या खाणीच्या वस्तीत ९,००० हून जास्त लिहिलेली खापरं सापडली आहेत, पाणी, धान्य, माणसं, जनावरं यांचे रोजचे हिशेब त्यात आहेत. साधारण ६० फुटी एक अजस्र खांब तडा गेल्यामुळे तिथेच सोडून दिलेला अजून पडून आहे.

मेझों कारेचं उलट. तिथे जवळपासचा चुनखडीचा दगड, मऊ, छिन्नीला लगेच दाद देणारा, खांब चकत्या रचून केलेले, त्यामुळे पन्हळी कोरणं सोपं आणि पन्हळींमुळे चकत्यांचे सांधेही नजरेत येत नाहीत. पन्हळी बहुतेक वेळा खांब उभा राहिल्यावर वरून खाली कोरत आणायचे, आधी कोरल्या तर वाहतुकीत आणि चढवताना कडा उडणार.

तर तुमच्या मॉडेलला आधी दगड ठरवा. ग्रॅनाइट घेतलंत तर गुळगुळीत. पांढरा संगमरवर, ट्रॅव्हर्टाइन (चुनखडीचाच एक टणक प्रकार) किंवा साधी चुनखडी घेतलीत तर पन्हळी. रंगीत शिरांचा संगमरवर असेल तर परत गुळगुळीत, उदाहरणार्थ फोरममधलं अँटोनायनस आणि फॉस्टिना यांचं देऊळ, इ.स. १४१ च्या सुमाराचं, त्याचे दहाही खांब ग्रीसमधल्या एव्हिया बेटावरच्या हिरवट लाटालाटांच्या सिपोलिनो संगमरवराचे आहेत, त्या लाटांवर पन्हळी मारल्या असत्या तर सगळी मजाच गेली असती.

उंबरठा

वा, मस्त प्रतिसाद. खूप दिवसांनी या विषयावर काही वाचायला मिळालं. एक भर घालते. सगळ्या देवळांना संगमरवर परवडत नव्हता आणि सुरुवातीच्या काळात रोममध्ये तो फारसा नव्हताही. टायबरच्या काठाला पोर्टुनस देवाचं एक छोटं देऊळ आहे, इ.स.पू. पहिल्या शतकातलं, आयोनिक. बघितलं की वाटतं एकाच दगडाचं आहे, पण पोर्चचे मोकळे खांब आणि कोपऱ्याचे खांब ट्रॅव्हर्टाइनचे, म्हणजे जिथे भार जास्त आणि पाऊस थेट लागणार तिथे टणक दगड, आणि भिंतीतले अर्धे खांब टुफाचे, जो ज्वालामुखीच्या राखेचा हलका, भुसभुशीत दगड. वरून सगळ्याला चुन्याचा पांढरा गिलावा देऊन एकसारखं केलं होतं. आज गिलावा बहुतेक गेलाय म्हणून दगड उघडे दिसतात. इतका विचार करून दगड वाटलेला बघून मला त्या अनाम गवंड्यांबद्दल फार आदर वाटतो. हे देऊळ इतकं चांगलं टिकलं त्याचं कारण म्हणजे नवव्या शतकात त्याचं चर्च झालं.

अर्ध्या खांबांचं उत्तर पण इथेच आहे. ग्रीक देवळाला चारी बाजूंनी खांब आणि चारी बाजूंनी दोन-तीन पायऱ्या, कुठूनही या. रोमन देऊळ मात्र इटलीतल्या जुन्या एट्रुस्कन लोकांच्या पद्धतीवर उभं आहे, उंच जोतं, पायऱ्या फक्त पुढे, खोल पोर्च आणि मागे गाभारा. देऊळ समोरूनच बघायचं, पुढच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून ते उभं असतं. मग बाजूला आणि मागे ओसरी ठेवायची कशाला? गाभाऱ्याच्या भिंती बाहेर सरकवून पार जोत्याच्या कडेला नेल्या की आत जागा वाढते, आणि रोमन गाभाऱ्यात नुसती मूर्ती नसायची, लुटीतून आणलेले पुतळे, मौल्यवान वस्तू असं बरंच असायचं, काही देवळांत सेनेटच्या बैठकाही व्हायच्या. पण चारी बाजूंनी खांबांची रांग दिसली पाहिजे ही ग्रीक ओढ सुटत नव्हती, म्हणून भिंतीवरच अर्धे खांब उठवले. मेझों कारेत एकूण ३० खांब, त्यातले पोर्चचे १० मोकळे आणि बाकी २० भिंतीत. मला वाटतं त्याला नुसती सजावट म्हणणं अन्यायाचं आहे, पोर्चचा ताल पूर्ण देवळाभोवती फिरतो, बाजूने चालताना ते जाणवतं.

मोजपट्टी

मापांचं मी घेतो, कारण खेळण्यासारखं दिसतंय म्हणालात ते नक्की मापांमुळेच.

व्हिट्रुव्हियस हा पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातला वास्तुकार, त्याचा ग्रंथ सुदैवाने पूर्ण टिकलाय. त्याच्या हिशेबात खांबाचा खालचा व्यास हेच सगळ्याचं एकक. कोरिंथियन कॅपिटल वरच्या पाटीसकट एका व्यासाइतकं उंच. त्यातला सातवा हिस्सा वरची पाटी म्हणजे अ‍ॅबॅकस. उरलेल्याचे तीन सारखे भाग, पहिल्यात खालची पानांची ओळ, दुसऱ्यात वरची ओळ, तिसऱ्यात देठ आणि वेटोळी. पाटीचा कर्ण उंचीच्या दुप्पट.

पण प्रत्यक्षात जी देवळं उभी आहेत त्यांची कॅपिटलं याहून उंच असतात. व्हिट्रुव्हियसचं माप जसंच्या तसं घेतलंत तर कॅपिटल बसकं आणि दाबल्यासारखं दिसेल, बहुतेक तुमचं तेच झालं असणार. मोजमापांचा अभ्यास करणाऱ्या मार्क विल्सन जोन्स यांनी एक साधा नियम दाखवून दिलाय जो रोमन कोरिंथियन खांबांत परत परत सापडतो: शाफ्टची उंची म्हणजे पूर्ण खांबाच्या उंचीचा पाच षष्ठांश. पँथिऑनचा शाफ्ट ४० फूट, पूर्ण खांब ४८ फूट. एवढंच लक्षात ठेवलं तरी तुमचा खांब लगेच रोमन दिसायला लागेल.

हा नियम इतका का रुजला याचं कारण वर पाषाणप्रेमींनी लिहिलंच आहे, ते फक्त पुढे नेतो. शाफ्ट अखंड दगडाचा असेल तर तो खाणीतच ठरलेल्या लांबीचा काढला जायचा, २०, २४, ३०, ४०, ५० फूट असे गोल आकडे. म्हणजे वास्तुकाराच्या हातात आधी शाफ्टची लांबी येते आणि त्यावरून बाकीचं देऊळ. आपण समजतो नकाशा आधी आणि दगड नंतर, इथे बरेचदा उलटं.

निमुळतेपणाचं पण व्हिट्रुव्हियसने छान सांगितलंय. १५ फुटांपर्यंतचा खांब असेल तर खाली ६ भाग आणि वर ५. जसजसा खांब उंच तसतसा निमुळतेपणा कमी करत जायचं, ४० ते ५० फुटांच्या खांबाला खाली ८ आणि वर ७. कारण उंचावरची गोष्ट डोळ्याला आपोआपच बारीक दिसते, त्यात तुम्ही अजून बारीक केलीत तर ती काडी दिसणार. आणि ही रेघ सरळ ठेवू नका, मध्ये अगदी हलका फुगवटा हवा, वर जाताना वळण वाढतं. थ्रीडीमध्ये लोक सरळ शंकू काढतात आणि मग खांब निर्जीव दिसतो.

रेखाटन

बापरे, कमाल माहिती, सगळ्यांचे मनापासून आभार. पाच-सहाचा नियम लावून बघितला आणि खरंच एका फटक्यात फरक पडला. आता कॅपिटल मॉडेल करायला घेतोय तर पानांची मांडणी कळत नाहीये, फोटोत नुसता गुंता दिसतो. आणि सॅटर्नचं राहिलंच.

पाषाणप्रेमी

गुंता नाही, अतिशय शिस्तीची रचना आहे, फक्त आतून बाहेर समजून घ्यायची. आत एक घंटेसारखा, खरं तर उलट्या घंटेसारखा, वर किंचित उघडणारा गाभा आहे असं धरा. त्याला खालून आठ पानं, सरळ उभी, टोकं बाहेर वाकलेली. त्यांच्या मागून, फटींतून, दुसरी आठ पानं, दुप्पट उंचीपर्यंत. वरच्या पानांच्या मधून जाड देठ निघतात, एकूण आठ, प्रत्येक देठ वर फुटतो आणि त्याच्यातून दोन वेल निघतात, एक जोरकस वेल कोपऱ्याकडे जाऊन पाटीच्या टोकाखाली वेटोळं घालतो, दुसरा नाजूक वेल आत मधल्या बाजूला वळून शेजारच्या वेलाला भेटतो. पाटीच्या चारही बाजू आत वळलेल्या, आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक फूल. एक अष्टमांश नीट केलात की आरसा लावून फिरवत जा, पूर्ण माथा तयार.

आता हे झालं ठरीव व्याकरण, पण खरी गंमत कारागिरांनी त्यात काय केलं त्यात आहे. फोरममध्ये कॅस्टर आणि पोलक्सच्या देवळाचे तीन खांब उभे आहेत, टायबेरियसने इ.स. ६ मध्ये अर्पण केलेलं देऊळ. त्याच्या कॅपिटलमध्ये मधले दोन नाजूक वेल नुसते शेजारी येऊन थांबत नाहीत तर एकमेकांत अडकवलेले आहेत, साखळीच्या कड्यांसारखे, दगडात आरपार कोरून. जमिनीवरून ते नीट दिसतही नाही, तरी कोरलंय. माझ्या मते रोममधलं सगळ्यात सुंदर कोरिंथियन कॅपिटल हेच.

मार्स अल्टोरच्या (सूड घेणाऱ्या युद्धदेवाच्या) देवळात, जे ऑगस्टसने इ.स.पू. २ मध्ये अर्पण केलं, आतल्या भिंतीवरच्या अर्धस्तंभांच्या माथ्यावर कोपऱ्यात वेटोळ्यांच्या जागी पंखवाले घोडे आहेत. काँकॉर्डच्या देवळात तशाच जागी मेंढे. म्हणजे गाभाऱ्यात शिरल्यावर नियम जरा सैल करून थोडी चैन करायची मुभा होती असं दिसतं. तुमच्या मॉडेलला आतून पण बघता येणार असेल तर हे जरूर करा.

भटकभवानी

यात रोमजवळच्या तिवोलीचं गोल देऊळ विसरू नका कोणी! दरीच्या अगदी काठावर आहे, १८ पैकी १० खांब उभे, ट्रॅव्हर्टाइनचे. तिथलं कॅपिटल बघितलं तर वरचं सगळं व्याकरण लागू पडत नाही, पानं टोकदार नाहीत तर कुरळी, मांसल, कोबीच्या पानासारखी गच्च, आणि पाटीवरचं फूल केवढं मोठं, अख्खा माथा खाऊन टाकणारं. हे ऑगस्टसच्या आधीचं, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीचं, इटलीत आपलं आपण वाढलेलं कोरिंथियन. ऑगस्टसच्या काळात संगमरवराची कामं सुरू झाली आणि एक ठरलेला नमुना सगळीकडे गेला, त्यात हे बिचारं मागे पडलं. मला व्यक्तिशः हे जास्त आवडतं, त्यात जीव आहे. लंडनला बँक ऑफ इंग्लंडच्या एका कोपऱ्यावर जॉन सोन या वास्तुकाराने याच देवळाचे खांब हुबेहूब उतरवले, म्हणजे हे आवडणारी मी एकटी नाही.

आणि डोरिक पण होतं बरं का रोमनांकडे, रोमच्या दक्षिणेला कोरी नावाच्या डोंगरावरच्या गावात हर्क्युलिसचं देऊळ आहे, चार खांब पुढे, डोरिक, पण ग्रीक डोरिकसारखे जाडजूड नाहीत, एकदम सडपातळ आणि खाली बेस दिलेला. जरूर फोटो बघा.

उंबरठा

सॅटर्नचं मी सांगते. नेहमीच्या आयोनिक माथ्याची अडचण अशी की तो फक्त पुढून आणि मागून बघायचा असतो, बाजूने त्याची गुंडाळी दिसते. रांगेत ठीक आहे, पण कोपऱ्याच्या खांबाचं काय, त्याला दोन दर्शनी बाजू. ग्रीकांनी आणि पोर्टुनसच्या कारागिरांनी त्यावर तोडगा काढला तो असा की कोपऱ्याच्या माथ्यावर फक्त टोकाचं एक वेटोळं ४५ अंशात बाहेर ओढायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी तोंड दिसतं. जवळून बघितलं तर ते एक वेटोळं दुमडलेल्या पानासारखं बाहेर आलेलं दिसतं, बाकी माथा साधा. इटलीत त्याच्याही पुढे जाऊन चारही वेटोळी तिरकी केली, म्हणजे माथ्याला पाठ-पोट राहिलंच नाही, कुठेही बसवा. पाँपेईत असे माथे भरपूर आहेत. सॅटर्नचे त्याच जातीचे.

पण सॅटर्नचं देऊळ आज आपण बघतो ते चौथ्या शतकात आगीनंतर परत उभं केलेलं आहे, वर तसा लेखच आहे की आगीत नष्ट झालेलं सेनेट आणि रोमच्या लोकांनी पुन्हा उभारलं. त्यासाठी खांब मिळतील तिथून गोळा केले, पुढचे सहा करड्या ग्रॅनाइटचे आणि बाजूचे दोन गुलाबी, बेस पण एकसारखे नाहीत. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या मॉडेलसाठी त्याची नक्कल करू नका, ते वेगळ्या काळाचं आणि वेगळ्या अडचणींचं देऊळ आहे.

शिलालेख

एक वेगळा मुद्दा मांडतो. वरच्या चर्चेत रोमनांचं वेगळेपण फार ठसवलं जातंय. पण रोममधलं पहिलं पूर्ण संगमरवरी देऊळ इ.स.पू. दुसऱ्या शतकात मेटेलस या रोमन सेनापतीने बांधवलं ते हर्मोडोरस या ग्रीक वास्तुकाराकडून. टायबरकाठचं हर्क्युलिसचं गोल देऊळ, मूळचे २० खांब, ते अथेन्सजवळच्या पेंटेलिक संगमरवराचं आहे, म्हणजे दगड ग्रीक आणि कारागीर पण बहुधा ग्रीकच. सुल्ला या रोमन सेनापतीने तर अथेन्सच्या ऑलिंपियन झ्यूसच्या अर्धवट देवळातले खांब उचलून रोमच्या कॅपिटोल टेकडीवरच्या देवळासाठी नेले असं प्लिनी हा रोमन लेखक लिहितो. मग आपलं असं काय राहिलं?

पाषाणप्रेमी

शिलालेख, तुम्ही दिलेले तिन्ही दाखले बरोबर आहेत, पण शेवटच्याची दुसरी बाजू बघा. ऑलिंपियन झ्यूसच्या त्या देवळाचं काम इ.स.पू. १७४ च्या सुमाराला सीरियाच्या अँटिओकस चौथ्याने परत सुरू केलं तेव्हा वास्तुकार कोण होता, तर कोसुटियस, रोमन नागरिक. म्हणजे अथेन्समधल्या ग्रीक देवाच्या त्या प्रचंड कोरिंथियन देवळाची रचना एका रोमन माणसाची, पुढे ते पुरं केलं रोमन सम्राट हेड्रियनने. देवाणघेवाण दोन्हीकडून होती.

आणि कोरिंथियनचंच उदाहरण घ्या. ग्रीकांनी ते शोधलं पण बराच काळ बाहेरच्या बाजूला फारसं वापरलं नाही, आतल्या खोल्यांत, छोट्या स्मारकांवर. मोठ्या देवळाचा दर्शनी खांब म्हणून त्याला जगभर नेलं ते रोमनांनी, पोर्तुगालमधल्या एव्होरापासून लेबनॉनमधल्या बालबेकपर्यंत. एव्होराला ग्रॅनाइटचे खांब आणि त्यावर संगमरवरी माथे आहेत, बालबेकला ज्युपिटरच्या देवळाचे उरलेले सहा खांब जवळजवळ २० मीटर उंचीचे. पाल्मायरातल्या बेलच्या देवळात तर माथ्याचा गाभाच फक्त दगडाचा होता आणि पानं ब्राँझची, वरून जोडलेली. ऑगस्टसचा साथीदार आग्रिप्पा याने बांधलेल्या मूळ पँथिऑनच्या कॅपिटलांसाठी सिराक्यूजचं ब्राँझ वापरलं होतं असंही प्लिनीच सांगतो. एकाच माथ्याचे इतके अवतार मला तरी दुसरीकडे दिसत नाहीत.

शिलालेख

कोसुटियसचा मुद्दा पटला. डोरिकमध्ये कोपऱ्याच्या खांबावर वरच्या पट्टीची नक्षी नीट जुळत नाही, ती कटकट कोरिंथियनमध्ये नाही आणि चारही बाजू सारख्या, हे पण रोमनांनी ते उचलण्याचं एक मोठं कारण असणार.

मोजपट्टी

अगदी. आता पँथिऑनचा विषय निघालाच आहे तर त्याच्या खांबांबद्दलचा वाद पण सांगतो, कारण तो पाच-सहाच्या नियमाशी थेट जोडलेला आहे. पोर्टिकोच्या, म्हणजे पुढच्या खांबांच्या ओसरीच्या, मागे, घुमटाच्या आधी, जो चौकोनी ठोकळा आहे त्याच्या दर्शनी भागावर आणखी वर एका दुसऱ्या पेडिमेंटची (छपराखालच्या दर्शनी त्रिकोणाची) रेघ दिसते. पोर्टिको त्याच्याशी जुळतच नाही, खालीच राहतो. विल्सन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की मूळ आराखडा ५० फुटी शाफ्टचा होता, म्हणजे ६० फुटी खांबांचा, आणि तेवढे शाफ्ट मिळाले नाहीत किंवा पोचले नाहीत म्हणून ४० फुटींवर भागवलं. ५० फुटी खांबाच्या वाहतुकीसाठी जनावरांना बार्ली लागणार अशा अर्थाचं एक पपायरसवरचं पत्र इजिप्तमध्ये सापडलंय, ११८-११९ च्या सुमाराचं, म्हणजे हेड्रियनच्याच काळातलं. ते पत्र पँथिऑनच्याच खांबाबद्दल आहे असं त्यात लिहिलेलं नाही, पण काळ जुळतो. लांबी ४० वरून ५० केली की सव्वापट, जाडीही सव्वापट, म्हणजे वजन जवळजवळ दुप्पट होतं. ६० टनांचा शाफ्ट १०० टनांच्या पलीकडे जातो. अशा १६ शाफ्टांची सोय करणं म्हणजे काय असेल विचार करा. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत, काहींना ती वरची रेघ मुद्दाम तशीच ठेवलेली वाटते. मला स्वतःला ५० फुटींचं म्हणणं पटतं, कारण पोर्टिकोतले खांब एकमेकांपासून जरा जास्तच लांब वाटतात, मोठ्या खांबांसाठी आखलेल्या जागेत छोटे उभे केल्यासारखे.

भटकभवानी

पँथिऑनला गेलात कोणी तर पोर्टिकोच्या पूर्वेकडच्या कोपऱ्याच्या खांबाचा माथा जरूर बघा. तिकडचे तीन खांब पडलेले होते, सतराव्या शतकात पोपांनी नवे बसवले. कोपऱ्याच्या माथ्यावर, जिथे मधलं फूल असायला हवं, तिथे मधमाशी आहे, बार्बेरिनी घराण्याची खूण, पोप अर्बन आठवा त्या घराण्यातला. आम्ही मान वर करून शोधत होतो आणि सापडली तेव्हा सगळ्यांना दाखवत सुटलो.

रेखाटन

मधमाशी भन्नाट! शेवटचा प्रश्न. मी ३० फुटी शाफ्ट नक्की केलाय, पांढरा संगमरवर, पन्हळीसकट, पुढे सहा खांब. बाकी मापं आणि दोन खांबांमधलं अंतर किती ठेवू?

मोजपट्टी

शाफ्ट ३० म्हणजे पूर्ण खांब ३६ फूट. व्यास दहावा हिस्सा धरा, ३.६ फूट. बेस अर्धा व्यास, १.८. मग कॅपिटलला उरतात ४.२ फूट. त्यातला सातवा हिस्सा पाटी, ०.६, आणि बाकी ३.६ चे तीन भाग, १.२ ची एक पानांची ओळ, तसंच पुढचं. पाटीचा कर्ण ७.२, म्हणजे व्यासाच्या दुप्पट. व्हिट्रुव्हियसच्या कोष्टकात ३० ते ४० फुटांच्या खांबाला साडेसातला साडेसहा असं प्रमाण आहे, त्याने वरचा व्यास ३.१ च्या आसपास येईल. पन्हळी २४, मध्ये चपटी पट्टी ठेवा, धारदार कडा डोरिकच्या. कोपऱ्याचे दोन खांब पन्नासाव्या हिश्श्याने जाड करा असंही तो सांगतो, कारण त्यांच्या मागे मोकळं आकाश असतं आणि ते बारीक दिसतात.

अंतराचं म्हणाल तर त्याचं सगळ्यात आवडतं प्रमाण सव्वादोन व्यास, मधल्या दोन खांबांत तीन व्यास, दारासमोर मोकळं राहावं म्हणून. तसं केलंत तर मधलं अंतर १०.८, बाकीची ८.१, सहा खांब धरून दर्शनी रुंदी ६४.८ फूट. याहून फार लांब नेऊ नका, वरची दगडी तुळई तुटते, तीन व्यासांवरच तो ही भीती सांगतो आणि त्याच्याही पुढे गेलात तर लाकडी तुळया घालाव्या लागतात. दुसरा पर्याय दीड व्यासाचा, गच्च, मोठ्या शाही देवळांत असा दाट ताल आवडायचा, त्यात तुमची रुंदी ४८.६ फूट होईल आणि देऊळ जास्त उंच, जास्त भारदस्त दिसेल. त्यावर व्हिट्रुव्हियसची तक्रार अशी की पायऱ्या चढून येणाऱ्या बायका हातात हात घालून खांबांमधून जाऊ शकत नाहीत, एकामागून एक जावं लागतं.

उंबरठा

मी असते तर दीडवाला घेतला असता, फक्त दारासमोरचं अंतर थोडं वाढवून. आणि रेखाटन, पन्हळींचा खालचा तिसरा हिस्सा आतून गोल भरून टाका, काही रोमन खांबांत तसं करायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या धक्क्याने कडा फुटू नयेत म्हणून. मॉडेल झालं की इथेच फोटो टाका.